तालीम १४ फूट मागं सरकली, पण हौद? कोल्हापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या जुन्या पेठेतली कुस्तीची एक तालीम. नाव आणि गल्ली मुद्दाम सांगत नाही, कारण मंडळातल्या लोकांनी तेवढी एक अट घातली होती आणि ती बरोबर पण आहे. मी त्याच गल्लीत वाढलो, शाळेत असताना ४ वर्षं तिथल्या हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, लोळलोय, पुढं सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर लागलो, म्हणून हे काम बघायची जबाबदारी माझ्याकडं आली.

इमारत नव्वदएक वर्षं जुनी. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्यात बांधलेल्या. २४ फूट रुंद, ३४ फूट खोल. पुढच्या १२ फुटांत बैठकीची खोली आणि तिच्यावर लाकडी पाटणाची माडी, मागं उंच छताचा हॉल, वर मंगलोरी कौलं. हॉलच्या मधोमध हौद, १६ बाय १६ चा. बैठकीची खोली आणि हॉल यांच्यामधल्या आडव्या भिंतीतल्या कोनाड्यात मारुती. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान उभं केलं, त्या वातावरणात पेठापेठांत ज्या तालमी वाढल्या त्यातलीच ही एक. आज इथं रोज २५-३० पोरं येतात, त्यातली निम्मी आसपासच्या खेड्यांतली, माडीवर राहून सराव करणारी.

अजून एक गोष्ट सांगायला पाहिजे, पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोका पातळी ४३ फूट), तेव्हा तालमीत साडेतीन फूट पाणी होतं. २०२१ च्या जुलैत त्याच्याही वर तीन-चार इंच. दोन्ही वेळा हौदाचा नुसता चिखल झाला, आणि दोन्ही वेळा वस्तादांनी माती परत बनवली. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली, पण त्या वेळी आमच्या कुणाच्या डोक्यात ते आलं नाही.

अडचण

रस्ता रुंदीकरणाची रेषा आली आणि तालमीचे पुढचे १२ फूट त्यात गेले. म्हणजे बरोबर बैठकीची खोली आणि माडी. मागं तालमीचीच २२ फूट मोकळी जागा होती, पोरं तिथं दोरावर चढायची, जोर-बैठका मारायची. जागा होती पण इमारत चुकीच्या ठिकाणी उभी होती, एवढाच प्रश्न, असं आम्हाला वाटलं.

कोणते पर्याय होते

मंडळाच्या बैठका ५ महिने चालल्या. चार पर्याय पुढं आले.

पहिला, पुढचा भाग कापून द्यायचा आणि आडव्या भिंतीलाच नवीन दर्शनी भाग करायचा. बऱ्याच जुन्या वाड्यांचं असंच होतं. सगळ्यात स्वस्त. पण माडी गेली की राहणाऱ्या पोरांनी जायचं कुठं?

दुसरा, सगळं पाडून आरसीसी बांधायचं, खाली रस्त्याला लागून तीन गाळे, मागं हौद, वर हॉल. तरुण पोरांचा कल इकडं होता आणि मी त्यांना अजिबात नावं ठेवणार नाही. एका पैलवानाचा महिन्याचा खुराक, म्हणजे दूध, बदाम, तूप, मटण, याचा हिशोब ज्यानं केलाय त्यालाच कळतं की गाळ्याचं भाडं म्हणजे काय असतं ते. अंदाजपत्रक ३४ लाखांचं आलं, त्यातले निम्मे गाळ्यांच्या डिपॉझिटमधून उभे करायचा विचार होता.

तिसरा, दगड-वीट-लाकूड नंबर टाकून उतरवायचं आणि मागं तसंच्या तसं परत रचायचं. नागार्जुनसागर धरणात बुडणारे नागार्जुनकोंड्याचे अवशेष असेच हलवलेत, इजिप्तमधलं अबू सिंबेल १९६४ ते १९६८ मध्ये मोठमोठे ठोकळे कापून ६५ मीटर वर नेऊन परत जोडलं. पण ते दगडाचं काम. आमच्या भिंती विटांच्या आणि चुन्यातल्या, उतरवताना निम्म्या विटांचा चुरा होणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

चौथा पर्याय मी मांडला, इमारत आहे तशी जॅकवर उचलून १४ फूट मागं सरकवायची आणि त्याच कामात पुरासाठी थोडी उंचही करायची. बैठकीत आधी कुणी बोललंच नाही. मग एक ज्येष्ठ म्हणाले, "आरं बाबा, असं कुठं झालंय काय?"

झालंय, आणि खूप आधीपासून झालंय. इटलीत बोलोन्याला अरिस्तोतेले फिओरावान्ती नावाच्या इंजिनिअरनं १४५५ साली एक मनोरा उभाच्या उभा सरकवला होता. अमेरिकेत शिकागो शहर दलदलीत, गटारं टाकायला उतारच मिळेना, म्हणून त्यांनी रस्ते वर घेतले आणि इमारती पण उचलल्या. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची ३२० फूट लांबीची विटांच्या इमारतींची सलग रांग ६००० स्क्रू जॅक लावून ६०० माणसांनी ५ दिवसांत ४ फूट ८ इंच वर घेतली, आणि खाली दुकानं चालू होती. १९३० मध्ये इंडियानापोलिसला टेलिफोन कंपनीची ११,००० टनांची आठ मजली इमारत सरकवून ९० अंशात फिरवली, आत कर्मचारी कामाला येत होते आणि फोनसेवा बंद पडली नाही. शांघायमध्ये २०२० साली शाळेची जुनी इमारत १९८ यांत्रिक पायांवर ६२ मीटर अक्षरशः चालवली. आणि लांबचं कशाला, पंजाबात संगरूर जिल्ह्यात एक्सप्रेसवेच्या आड येणारं एका शेतकऱ्याचं दुमजली घर २०२२ मध्ये ५०० फूट सरकवायचं काम झालं, त्याचे व्हिडिओ मी मोबाइलवर सगळ्यांना दाखवले. शिकागोपेक्षा या पंजाबच्या व्हिडिओनं काम केलं, कारण त्यातली वीट, स्लॅब आणि माणसं आपल्यासारखी होती.

यातलं एक उदाहरण मी त्या दिवशी वाचून दाखवलं पण त्याचा अर्थ मला नंतर लागला. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात मोस्त नावाचं गाव, खाली कोळसा सापडला म्हणून जुनं गाव पाडायचं ठरलं. तिथलं जुनं चर्च मात्र १९७५ मध्ये रुळांवर घालून ८४१ मीटर लांब नेलं. चर्च वाचलं, पण ज्या गल्ल्यांतून माणसं त्याच्याकडं जायची ते गाव राहिलं नाही.

मतदान झालं नाही, आमच्याकडं होत नाही. वस्ताद म्हणाले, "भिंत राहत असंल तर राहू दे," आणि विषय संपला. गाळ्यांचा मुद्दा तिथंच मागं पडला. तरुण पोरं नाराज झाली, ती नाराजी अजून आहे.

काय केलं

हरियाणातून टीम बोलावली, तिकडं हे काम पिढीजात करणारे मिस्त्री आहेत. पद्धत सांगायला सोपी. भिंतीच्या बुडाशी दोन-अडीच फुटांचे टप्पे फोडायचे, एक सोडून एक, प्रत्येक ठिकाणी लोखंडी चॅनेल घालून खाली जॅक बसवायचा, मग मधले राहिलेले टप्पे फोडायचे, असं करत अख्खी भिंत पायापासून सुटी होऊन जॅकवर येते. खिडक्या-दारं विटांनी तात्पुरती बुजवून टाकायची कारण तडे कोपऱ्यांतून सुरू होतात. मग शिटी वाजली की प्रत्येकानं आपल्या वाटणीच्या जॅकला ठरलेला फेरा द्यायचा, कुणी जास्त नाही कुणी कमी नाही. ३ फूट वर आली की खाली गर्डरचे रूळ, वर लोखंडी रोलर, आणि मागं ढकलायला आडवे जॅक. आमच्या इमारतीचं वजन मी २०० टन धरलं होतं, जॅक दीडशेच्या आसपास लागले, पुढच्या बाजूला माडीचं वजन म्हणून तिथं जास्त दाट.

३ फूटच का, यावर बरंच झालं. पुराचं पाणी साडेतीनच्या वर आलेलं, मग ५ फूट का नको? पण ५ फूट म्हणजे दारात आठ-नऊ पायऱ्या, आणि तालमीत रोज येऊन बसणारे जुने पैलवान, त्यांचे गुडघे, ते परत चढणार नाहीत. शिवाय हौद नव्या भरावावर बसणार, भराव जेवढा उंच तेवढा दाबायला अवघड. म्हणून ३ फूट, ५ पायऱ्या. मला हा निर्णय आजही पटतो.

एप्रिल २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मागं नव्या पायाचं खोदकाम सुरू झालं आणि चौथ्या दिवशी उजव्या कोपऱ्यात पहार सरळ आत गेली. भुसभुशीत माती, खापऱ्या, कोळसा. बुजवलेला आड! समोरच्या घरातल्या आजी गॅलरीतनं बघत होत्या, त्या म्हणाल्या, "तिथं आड हुता की. मी नवी सून आले तवा शेंदलंय पाणी." पाच महिने आमच्या बैठका त्यांच्या दारासमोर चालल्या होत्या आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ११ फुटांवर मुरूम लागला, दगड आणि काँक्रीट भरून वर आलो, ९ दिवस आणि १ लाख ४० हजार गेले.

आणि मग हौद.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. हौद पुढच्या भिंतीपासून १४ फुटांवर सुरू होऊन ३० फुटांपर्यंत होता. इमारत १४ फूट मागं गेली की जुना हौद बरोबर नव्या बैठकीच्या खोलीखाली येतो, आणि मारुतीच्या आडव्या भिंतीचा नवा पाया हौदाच्या पोटातनं जातो. मी हे ड्रॉइंगमध्ये काढलं होतं, सगळ्यांना दाखवलंही होतं, "हौद मागं नवीन करायचा" असं एका ओळीत लिहिलं होतं. पण ड्रॉइंगवरची ओळ वाचणं वेगळं आणि त्या दिवशी सकाळी दोन कामगार बूट घालून हौदात उतरले ते बघणं वेगळं. वस्ताद ७१ वर्षांचे, ते काही बोलले नाहीत, हौदाच्या काठावर जाऊन बसले. कामगार आपोआप बाहेर आले. अडीच दिवस काम बंद.

बाहेरच्या माणसाला वाटेल मातीच आहे. तर ती नुसती माती नसते. बारीक चाळलेली तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, आणि रोज सकाळी फावड्यानं उकरून, पाणी मारून, वर्षानुवर्षं अंगाखाली मळलेली. हौदात उतरताना आधी वाकून माती कपाळाला लावायची. त्यात बूट.

ते अडीच दिवस माझ्यासाठी या सगळ्या कामातले सगळ्यात अवघड होते. मिस्त्रीची टीम रोजावर बसून, आकाशात ढग, आणि मला कळत होतं की आम्ही इमारत कशी हलवायची हेच पाच महिने बोलत बसलो, तालीम म्हणजे काय हलवायचं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. जॅक लावून भिंत येते, कौलं येतात, कोनाड्यातला मारुती जागचा न हलता भिंतीबरोबर येतो (पुजारी पण म्हणाले मूर्ती काढू नका, भिंतच जाऊ दे). हौद तेवढा येत नाही. तो जमिनीत आहे.

तोडगा वस्तादांनीच काढला. तिसऱ्या दिवशी पहाटे पोरांना बोलावून म्हणाले, २०१९ ला माती वाहून गेली तवा आपण काय केलं? वरची चिखलाची काढली, खालची वाचलेली दोन पाट्या बाजूला ठेवली आणि नव्या मातीत विरजण घातल्यागत मिसळली. तसंच करू. पण काढायची आपण, कामगारांनी नाही, अनवाणी.

साधारण साडेसहा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती पोरांनी घमेल्यांनी दोन दिवसांत काढली आणि जवळच्या एका रिकाम्या गोदामात ताडपत्रीवर पसरून ठेवली. सरावाची सोय शेजारच्या पेठेतल्या तालमीनं केली, पहाटे साडेचार ते सहा त्यांचा हौद आमच्या पोरांसाठी मोकळा. मैदानात दोन्ही तालमींची पोरं एकमेकांना पाडायला बघतात, पण त्या सगळ्या काळात त्यांनी आमच्याकडनं ताकाचे पैसे पण घेतले नाहीत. हे मी विसरणार नाही.

उचलायचं काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरळीत झालं. मग सरकवणं, दिवसाला ३ फूट. पोरांना हात लावायचा होता, मिस्त्री आधी नाही म्हणाला, ताकद लावणाऱ्या माणसाची त्याला भीती वाटत होती कारण इथं ताकद नको, सारखेपणा पाहिजे. शेवटी चौघांना त्यानं आपल्या माणसांशेजारी उभं करून जॅक दिले आणि ती चौघं शिटीवर अशी चालली की दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनंच अजून दोघं मागितली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. तासभर झोडपून काढलं. पाऊस थांबल्यावर मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणालो, चालू करा. मृगाच्या आत छप्पर जागेवर पाहिजे होतं, आडात ९ दिवस आणि हौदात अडीच दिवस गेलेले, डोक्यात तेवढंच होतं. अर्ध्या तासात उजवा रूळ खालच्या मऊ झालेल्या भरावात दबला, उजवी बाजू सरकण्यात सव्वा इंच कमी पडली आणि मारुतीच्या भिंतीतल्या दरवाजाच्या कमानीपासून वरपर्यंत तडा गेला. आवाज आला तो अजून कानात आहे. मिस्त्रीनं सगळं थांबवलं, रूळाखालचा भराव काढून लाकडी स्लीपरचे दोन थर दिले, दुसऱ्या दिवशी फक्त उजवी बाजू थोडी थोडी सरकवून पातळी जुळवली. तडा मिटला नाही पण वाढलाही नाही. समई मात्र कोनाड्यात ते सगळे दिवस तेवत होती, रात्री पोरं पाळीनं तेल घालायची.

निकाल

इमारत ठरलेल्या जागेवर आली, नव्या पायाला जोडली, ४ जूनला शेवटचे जॅक निघाले. एकूण खर्च २१ लाख, ठरवलेल्यापेक्षा साडेतीन लाख जास्त. कमानीचा तडा चुना भरून, आडव्या लोखंडी सळ्या घालून शिवला, अजून दिसतो. शेजारच्या घराच्या भिंतीला तडा गेला अशी तक्रार आली, तो आधीचा होता की आमच्या कामाचा हे सांगता येईना, १८ हजार देऊन दुरुस्त करून दिला.

नवीन हौद मागं झाला. मुरमाचा भराव थराथरानं पाणी मारून दाबला, वर नवी माती, त्यात जुनी साडेसहा ब्रास जेवढी बसली तेवढी. नागपंचमीला पहिल्यांदा वस्ताद उतरले. पोरं म्हणतात पहिले तीन-चार महिने हौद कडक लागत होता, पाठ धरायची, मग मऊ पडला.

माडी वाचल्यामुळं राहणारी पोरं तिथंच आहेत, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली पण पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही, त्यामुळं ३ फूट उंचीचा उपयोग किती होतो ते अजून बघायचंय.

काय वेगळं करता आलं असतं

वळवानंतर एक दिवस थांबायला पाहिजे होतं. तो निर्णय माझा होता, मिस्त्रीचा नाही, आणि मृग जवळ आला होता हे कारण पुरेसं नाही. दोनशे टन ओल्या भरावावर ढकलायचे नाहीत हे मला माहीत होतं.

काम मार्चमध्ये सुरू करता आलं असतं. बैठका दिवाळीआधी संपवल्या असत्या तर.

नव्या पायाच्या जागेची माती आधी तपासायची, दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन, आणि त्याच्या पण आधी गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी चहा घेत तासभर बसायचं. आड, चर, जुनी मोरी, कुठं काय बुजवलंय ते त्यांना माहीत असतं.

शेजारच्या सगळ्या घरांच्या भिंतींचे तारखेसकट फोटो काम सुरू व्हायच्या आधी, घरमालकाला बरोबर घेऊन काढायचे. १८ हजारांपेक्षा त्यांच्याशी झालेली बोलाचाली जास्त लागली.

गाळ्यांबद्दल मला अजून खात्री नाही. पुढं एखादाच छोटा गाळा, मागं सरकल्यावर बाजूला जी पट्टी उरली तिथं, असा मधला मार्ग काढता आला असता आणि तरुण पोरांचं म्हणणं ऐकलं गेलं असतं. वस्तादांच्या एका वाक्यावर सगळं थांबलं आणि मीही सुटल्यासारखा गप्प बसलो, कारण माझा पर्याय निवडला गेला होता. खुराकाचा प्रश्न आज पण तसाच आहे.

आणि हौदाबद्दल पहिल्याच बैठकीत बोलायला पाहिजे होतं, ड्रॉइंग काढायच्या आधी. वस्तादांना सरळ विचारायचं, यातलं काय आलंच पाहिजे आणि काय गेलं तरी चालेल. त्यांनी कदाचित तेव्हाच विरजणाची गोष्ट सांगितली असती आणि कुणाला बूट घालून हौदात उतरावं लागलं नसतं.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती, उजेड. आधी मागच्या खिडक्यांसमोर २२ फूट मोकळं होतं, संध्याकाळचं ऊन सरळ हौदात यायचं. आता मागं ८ फुटांवर दुसऱ्याची भिंत आहे, पाचनंतर हॉलमध्ये अंधारून येतं आणि ट्यूब लावायला लागते. वस्तादांना ट्यूबचा उजेड आवडत नाही, पोरांच्या पायांचा अंदाज येत नाही म्हणतात. हौदाच्या वर दोन ओळी काचेची कौलं बसवायचं ठरलंय, पाऊस संपला की.